विचाराचं कूळ



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण इथे जमतो, ते गणित शिकवत. देवाबद्दल त्यांची मतं ठाम होती, पण वर्गात ती कधी आली नाहीत. त्यांच्या आठवणीनेच मी आजचा विषय निवडला: लढाऊ नास्तिकतेने विज्ञानाचं आणि उच्च शिक्षणाचं काय केलं. या विषयावर मोघम बोलण्यात अर्थ नाही. नास्तिकता हे जिथे राज्यसत्तेचं धोरण झालं, त्या धोरणाने जिथे सात दशकं विद्यापीठांत मुक्काम केला आणि ज्याच्या कारभाराचे कागद आज वाचता येतात, असा देश म्हणजे सोव्हिएत संघ. म्हणून मी मुख्यतः तिथलंच बोलणार आहे.

१९३१ च्या एप्रिलमध्ये लेनिनग्राडच्या सेंट आयझॅक कॅथीड्रलमध्ये धर्मविरोधी संग्रहालय उघडलं. तिथल्या घुमटाच्या आत पवित्र आत्म्याचं प्रतीक म्हणून रुपेरी कबुतर टांगलेलं असे. ते उतरवलं आणि त्या जागी सुमारे ९८ मीटर तारेला ५४ किलोचा गोळा बांधून लंबक सोडला. मुहूर्त धरला तो ईस्टरच्या रात्रीचा. हा फूकोचा लंबक. गोळा झोके घेत राहतो आणि त्याच्याखालची पृथ्वी फिरत राहते, त्यामुळे बघणाऱ्याला झोक्याची रेषा हळूहळू सरकताना दिसते, लेनिनग्राडच्या अक्षांशावर तासाला साधारण १३ अंश. रेषेच्या जरा बाजूला काड्यापेटी उभी करायची. थोड्या वेळाने गोळा सरकत सरकत येतो आणि तिला पाडतो. डोळ्यांनी बघावा असाच हा प्रयोग आहे.

आणि तो खरा आहे. पण १९३१ साली रशियातला कोणता पाद्री पृथ्वी फिरत नाही म्हणून भांडत होता? फूकोने १८५१ मध्ये पॅरिसच्या पँथिऑनमध्ये हा लंबक टांगला तेव्हा त्याला पृथ्वीचं परिवलन दाखवायचं होतं, आणि ते त्याने दाखवलं. लेनिनग्राडमध्ये त्याच लंबकाला दुसऱ्याच खटल्यात साक्षीदार म्हणून उभं केलं आणि त्याला जे ठाऊक नाही ते त्याच्याकडून वदवून घेतलं. विज्ञानाचं नुकसान इथून सुरू होतं. विज्ञानाचा दरारा वापरायचा आणि त्याची पद्धत बाजूला ठेवायची, ही सवय इथे लागते.

या सगळ्याला पार्श्वभूमी होती, ती सांगितली नाही तर अन्याय होईल. झारच्या राजवटीत ऑर्थोडॉक्स चर्च हे जवळजवळ सरकारचंच एक खातं होतं. १९०१ साली त्याने टॉलस्टॉयला बहिष्कृत केलं. १८८७ पासून ज्यू विद्यार्थ्यांच्या विद्यापीठ-प्रवेशावर मर्यादा होती, राजधानीच्या शहरांत अवघी तीन टक्के. अशा राज्याबद्दल आणि त्याला आशीर्वाद देणाऱ्या चर्चबद्दल शिकलेल्या माणसांच्या मनात राग साठला, तो रास्तच होता. १९१८ च्या सुरुवातीच्या हुकुमाने राज्यापासून चर्च आणि चर्चपासून शाळा वेगळी केली. त्यातलं शाळेबद्दलचं तत्त्व मला मान्य आहे. आपल्या राज्यघटनेचं २८ वं कलमही संपूर्णपणे सरकारी खर्चावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थांत धार्मिक शिक्षणाला मनाई करतं.

पण गोष्ट तिथे थांबली नाही. मार्च १९२२ मध्ये लेनिनने 'मार्क्सवादाच्या झेंड्याखाली' या मासिकात लढाऊ भौतिकवादाची गरज मांडली. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात बेर्द्यायेव, फ्रांक, लोस्की, इल्यिन अशा तत्त्वज्ञांना आणि प्राध्यापकांना बोटींत बसवून देशाबाहेर काढलं. डिसेंबरमध्ये 'बेझबोझनिक' म्हणजे 'निरीश्वर' नावाचं पत्र निघालं. १९२५ मध्ये निरीश्वरवाद्यांचा संघ स्थापन झाला आणि १९२९ मध्ये त्याच्या नावात 'लढाऊ' हा शब्द आला. येमेल्यान यारोस्लाव्स्की हे त्याचे प्रमुख. १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत संघ आपले सभासद पन्नास लाखांच्या वर असल्याचं सांगू लागला होता.

आपल्याकडे म्हणतात, नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये. लढाऊ नास्तिकतेने विद्यापीठात नेमकं तेच विचारलं. आधी माणसांचं कूळ विचारलं, मग विचारांचं. तिचा अपराध मी इथे मांडतो. देव न मानणं हा अपराध नाही. देव न मानणाऱ्या माणसांनी विज्ञानाला आणि आपल्या महाराष्ट्राच्या शिक्षणाला केवढं दिलं आहे! आगरकरांचं आणि रँग्लर परांजप्यांचं फर्ग्युसन कॉलेज आपल्यासमोर आहे.

माणसांच्या कुळापासून सुरुवात करू. क्रांतीनंतर पाद्री मंडळींचा मताधिकार गेला आणि त्यांच्या मुलांना उच्च शिक्षणाची दारं बंद झाली, किंवा जेमतेम किलकिली राहिली. १९२४ साली विद्यापीठांत 'परक्या वर्गा'तल्या विद्यार्थ्यांची झाडाझडती झाली. मुलगा हुशार आहे का, याच्या आधी प्रश्न यायचा तो बाप काय करतो हा. महाराष्ट्रातल्या श्रोत्याला हे ऐकताना काही आठवल्याशिवाय राहणार नाही. बापावरून पोराला शाळेच्या दारात अडवण्याचा आपला इतिहास रशियाहून कितीतरी जुना आहे, आणि जोतीराव-सावित्रीबाईंनी अस्पृश्यांच्या मुलांसाठी ज्या शाळा काढल्या त्या या अडवणुकीविरुद्धच. रशियन क्रांतीने कामगार-शेतकऱ्यांच्या मुलांसाठी 'राबफाक' नावाची तयारीची विद्यालयं काढली आणि ज्यांच्या घरात कुणी पुस्तक उघडलं नव्हतं अशी मुलं इंजिनिअर झाली. हे श्रेय तिचंच. पण एका हाताने दार उघडताना दुसऱ्या हाताने दुसरं दार लावलं गेलं, आणि विद्येच्या प्रांतात असा हिशेब बरोबरीत सुटत नाही.

याला विरोध कुणी केला? इव्हान पाव्लोव्ह यांनी. कुत्र्यांवरच्या प्रयोगांमुळे शाळकरी मुलांनाही ठाऊक असलेले, १९०४ चे नोबेल विजेते पाव्लोव्ह. रियाझान गावच्या पाद्र्याचे चिरंजीव, काही वर्षं सेमिनरीत शिकलेले, पुढे श्रद्धा सुटलेले. लष्करी वैद्यकीय अकादमीतून पाद्र्यांच्या मुलांना काढून टाकलं, तेव्हा 'मीही पाद्र्याचाच मुलगा आहे' म्हणत त्यांनी तिथल्या अध्यासनाचा राजीनामा दिला. वय पंच्याहत्तरीच्या घरात. पुढे १९३४ मध्येही, मृत्यूआधी दोन वर्षं, ते सरकारला पत्रं लिहून धर्माचा छळ हा देशाचंच नुकसान करणारा आहे हे बजावत होते. पाव्लोव्हना देवाशी काही देणंघेणं नव्हतं. मला वाटतं, या सबंध कहाणीत विज्ञानाच्या बाजूने सर्वांत सरळ उभा राहिलेला माणूस हा नास्तिक होता, आणि तो लढाऊ नास्तिकतेच्या विरुद्ध उभा होता.

आता मॉस्को विद्यापीठातल्या गणिताकडे येतो. इथे मला जरा रेंगाळायचं आहे.

द्मित्री येगोरोव्ह आणि त्यांचे विद्यार्थी निकोलाय लुझिन यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत तिथे गणिताचं एक घराणं उभं केलं. कोल्मोगोरोव्ह, अलेक्सांद्रोव्ह, उरिसोन, खिंचिन, नोविकोव्ह, ल्युद्मिला केल्दिश ही त्या घराण्याची नावं. त्यांच्या अभ्यासाच्या केंद्रस्थानी होते अनंत संच आणि त्यांच्यावरची फलनं. येगोरोव्ह निष्ठावंत ऑर्थोडॉक्स होते आणि त्यांचा ओढा नामपूजक पंथाकडे होता. ईश्वराचं नाव हेच ईश्वर, ते श्वासागणिक घ्यावं, अशी या पंथाची साधना. १९१३ साली खुद्द झारच्या आरमाराने एथॉस पर्वतावरून या पंथाच्या भिक्षूंना धरून आणलं होतं. वारकऱ्यांच्या मुलखात नामाची ही महती समजावून सांगायला नको. लॉरेन ग्रॅहम आणि जाँ-मिशेल कांतोर या दोन अभ्यासकांचं म्हणणं असं की, पॅरिसचे गणितज्ञ ज्या अनंतापाशी बिचकले, त्याला नाव देऊन त्याच्याशी व्यवहार करण्याचा धीर मॉस्कोच्या मंडळींना या साधनेतून मिळाला. मला हे पूर्ण पटत नाही. प्रेरणा कुठून आली हे सिद्ध करणं फार अवघड असतं. पण गणिताची गंमत अशी की, तिथे ते सिद्ध करण्याची गरजच पडत नाही.

येगोरोव्हचं १९११ चं प्रमेय आजही एम.एस्सी.च्या मेझर थिअरीच्या पेपरला असतं. मर्यादित मापाच्या संचावर फलनांची एखादी क्रमिका जवळजवळ सर्वत्र अभिसारी असेल, तर हवा तितका लहान असा एक तुकडा बाजूला काढता येतो, की उरलेल्या भागावर ती एकसमान अभिसारी होते. म्हणजे बिंदूबिंदूला आपापल्या गतीने चाललेला कारभार, थोडासा भाग सोडून दिला की एका लयीत येतो. सिद्धता अर्ध्या पानाची आहे. ती पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तपासा, येगोरोव्ह रोज प्रार्थना करत होते की नव्हते हे तुम्हाला त्यातून कळणार नाही. आणि कळलं तरी प्रमेयाचं काही बिघडत नाही.

१९२९ साली या माणसाला गणित आणि यामिकी संस्थेच्या संचालकपदावरून काढलं. १९३० मध्ये धर्मपंथीय कारवायांच्या आरोपावरून अटक झाली. ज्या मॉस्को मॅथेमॅटिकल सोसायटीचे ते अध्यक्ष होते, तिथून त्यांचं नाव वगळलं आणि कम्युनिस्ट पक्षाचे विश्वासू अर्न्स्ट कोल्मन यांना पुढे केलं. येगोरोव्हनी तुरुंगात अन्नत्याग केला. प्रकृती ढासळल्यावर त्यांना कझानच्या इस्पितळात हलवलं. तिथे गणितज्ञ चेबोतार्योव्ह आणि त्यांच्या डॉक्टर पत्नीने त्यांची काळजी घेतली. १० सप्टेंबर १९३१ रोजी ते गेले, वय ६१. कझानच्या ज्या आर्स्क दफनभूमीत त्यांना पुरलं, तिथेच अयुक्लिडीय भूमितीचे जनक लोबाचेव्स्की आहेत. कोल्मन पुढे म्हातारपणी स्वीडनच्या आश्रयाला गेले. त्यांच्या आठवणींच्या पुस्तकाचं नाव 'आपण असं जगायला नको होतं' असं आहे.

येगोरोव्हच्याच परिघातले पावेल फ्लोरेन्स्की. विद्यापीठात गणित शिकले, मग पाद्री झाले. क्रांतीनंतर विद्युत-तंत्र संस्थेत काम करताना ते झगा घालूनच जात. १९२४ साली त्यांनी विद्युतरोधक पदार्थांवर ग्रंथ लिहिला आणि सोव्हिएत तंत्रज्ञान कोशासाठी शंभरहून अधिक नोंदी लिहिल्या. १९३३ मध्ये त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. अतिपूर्वेच्या कॅम्पात त्यांनी गोठलेल्या जमिनीचा अभ्यास केला, सोलोव्हकी बेटावर समुद्रशेवाळापासून आयोडीन आणि अगार काढण्याच्या पद्धती बसवल्या. ८ डिसेंबर १९३७ रोजी त्यांना गोळी घातली. इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. भूमितीतल्या काल्पनिक संख्यांवरच्या त्यांच्या १९२२ च्या पुस्तकात, शेवटी डान्टेच्या विश्वरचनेला सापेक्षतावादाचा टेकू देऊन पृथ्वीला पुन्हा केंद्रस्थानी आणण्याचा प्रयत्न आहे. तो प्रयत्न चुकीचा आहे. एखाद्या भौतिकशास्त्रज्ञाने चार पानांत त्याचं खंडन केलं असतं. चूक करण्याची मुभा हा विद्यापीठाचा प्राण आहे, आणि चुकीला उत्तर म्हणून चार पानं पुरतात.

व्होइनो-यासेनेत्स्की हे ताश्कंदच्या विद्यापीठात शस्त्रक्रियेचे प्राध्यापक आणि चर्चचे आर्चबिशप. सुमारे अकरा वर्षं तुरुंगात आणि हद्दपारीत गेली. पू झालेल्या जखमांच्या शस्त्रक्रियेवरचा त्यांचा १९३४ चा ग्रंथ युद्धकाळात सर्जनांच्या हाताशी होता आणि १९४६ मध्ये त्यांना स्टालिन पारितोषिक मिळालं. राज्याला सर्जनची गरज पडली तेव्हा त्याचा झगा दिसेनासा झाला, यातच त्या झग्याचा शस्त्रक्रियेशी संबंध नव्हता याची कबुली आहे.

आता विचारांचं कूळ. हा आजार अधिक खोल गेला, कारण माणूस गेला तर त्याची जागा दुसरा घेतो, पण विचारच बहिष्कृत झाला तर एक पिढी अडाणी राहते.

अनुवंशशास्त्राची गोष्ट तुमच्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. ऑगस्ट १९४८ मध्ये मॉस्कोत कृषिविज्ञान अकादमीच्या अधिवेशनात कृषिशास्त्रज्ञ ल्यिसेंकोने मेंडेलच्या शास्त्राला पक्षाच्या संमतीने हद्दपार केलं. निकोलाय वाव्हिलोव्ह, ज्यांनी जगभरातून पिकांची बियाणी गोळा केली, ते त्याआधीच, जानेवारी १९४३ मध्ये, साराटोव्हच्या तुरुंगात उपासमारीने मेले होते. याचं सगळं खापर नास्तिकतेवर फोडणं खोटेपणाचं होईल. शेतीचं अपयश, झटपट पिकाचं आमिष आणि स्टालिनची मर्जी ही त्यातली मोठी कारणं. पण मेंडेल हा ब्रनोच्या ऑगस्टिनियन मठातला भिक्षू होता, ही गोष्ट त्याच्या वाटाण्यांविरुद्ध पुरावा म्हणून वापरता आली, ती मात्र वीस-पंचवीस वर्षांच्या लढाऊ नास्तिक प्रचारामुळे. 'भटाभिक्षूंचं शास्त्र' अशी शिवी तयारच होती. तीन पिवळ्यांना एक हिरवा हे गुणोत्तर मोजून पाहण्याऐवजी मोजणाऱ्याची कफनी पाहिली गेली. चेकोस्लोव्हाकियात १९५० मध्ये तो मठ बंद झाला आणि चौकातला मेंडेलचा पुतळा तिथून हलवण्यात आला.

विश्वोत्पत्तीच्या बाबतीत तर कूळ पाहण्याची सवय दोन्ही बाजूंना होती. विश्व प्रसरण पावतं हे गणिताने प्रथम मांडलं ते पेत्रोग्राडच्या, म्हणजेच पुढच्या लेनिनग्राडच्या, अलेक्सांद्र फ्रीडमनने, १९२२ साली. म्हणजे हा सिद्धान्त रशियाच्याच मातीतला. पुढे १९२७ मध्ये बेल्जियमच्या जॉर्ज लमेत्र यांनी तो स्वतंत्रपणे मांडला आणि नंतर विश्वाची सुरुवात एका आद्य अणूपासून झाली ही कल्पना पुढे आणली. लमेत्र कॅथलिक धर्मगुरू होते, झालं! १९४७ मध्ये पक्षनेते झ्दानोव्ह यांनी आणि १९४८ च्या डिसेंबरात लेनिनग्राडच्या खगोलशास्त्रज्ञांच्या बैठकीने या विश्वशास्त्राला पाद्रीपणाला मदत करणारं ठरवलं. फ्रीडमनचं नाव त्याच्याच देशात १९६३ पर्यंत मानाने घेतलं गेलं नाही. दुसरीकडे, नोव्हेंबर १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी याच सिद्धान्तात सृष्टीच्या निर्मितीची ग्वाही शोधली. तेव्हा अस्वस्थ झाले ते लमेत्र स्वतः. आपलं समीकरण श्रद्धेच्या कामाला जुंपू नये, असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते त्यांनी पोपच्या वर्तुळात पोचवलं. झ्दानोव्ह आणि पोप दोघांनीही सिद्धान्ताकडे एकाच नजरेने पाहिलं. ती नजर टाळली त्या धर्मगुरूनेच.

मित्रहो, या सगळ्यात मला सर्वांत जास्त हळहळ वाटते ती ज्या प्रकरणाची, ते आपल्या फार जवळचं आहे.

गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी. बुद्ध समजून घ्यायला घर सोडून नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश पायाखाली घालणारे आणि हार्वर्डला जाऊन विशुद्धिमार्ग या बौद्ध ग्रंथाच्या संपादनावर काम करणारे. १९२९ साली ते लेनिनग्राडला गेले. तिथे वर्षभरापूर्वीच बौद्ध संस्कृतीच्या अभ्यासाची संस्था निघाली होती आणि तिचे प्रमुख होते फ्योदोर श्चेर्बात्स्की. भारतात राहून पंडितांकडे न्यायशास्त्र शिकलेले, दिङ्नाग आणि धर्मकीर्ती या बौद्ध तार्किकांना युरोपच्या तत्त्वज्ञानाच्या पंगतीत मानाने बसवणारे श्चेर्बात्स्की. त्यांचा 'बुद्धिस्ट लॉजिक' हा दोन खंडांचा ग्रंथ १९३० ते १९३२ मध्ये लेनिनग्राडहूनच निघाला आणि आजही आपल्या विद्यापीठांत वाचला जातो. कोसंबींसारख्या पालीच्या पंडिताला बोलवावं असं ज्या शहराला वाटलं, त्या शहरातली ही विद्या किती पुढे गेली असेल याची कल्पना करा.

आणि हे लोक अभ्यास कशाचा करत होते? ज्या दर्शनात ईश्वर नाही, त्याचा. १९१९ साली पेत्रोग्राडच्या बौद्ध प्रदर्शनात श्चेर्बात्स्कींनी जाहीर व्याख्यानात हेच सांगितलं होतं की, ईश्वर आणि नित्य आत्मा या दोन्हींशिवाय उभं राहिलेलं हे तत्त्वज्ञान आधुनिक विज्ञानाच्या दृष्टीला जवळचं आहे. धर्मकीर्तीने तर सातव्या शतकाच्या सुमारास ईश्वराच्या कल्पनेचं खंडन केलं, ते अनुमानाच्या नियमांनी, प्रतिपक्षाचं म्हणणं आधी नीट मांडून. निरीश्वरवाद म्हणजे काय असतो, याचा इतका उंच नमुना लेनिनग्राडच्या लढाऊ नास्तिकांना त्यांच्याच शहरात उपलब्ध होता. त्यांना तो नको होता. त्यांच्या लेखी बौद्ध हा एक धर्म, लामा म्हणजे पाद्री, मठ म्हणजे चर्च. १९३० मध्ये संस्था विसर्जित करून मोठ्या प्राच्यविद्या संस्थेत विरघळवली. १८९७ पासून चालत आलेली 'बिब्लिओथेका बुद्धिका' ही ग्रंथमाला १९३७ नंतर बंद पडली. श्चेर्बात्स्कींचे शिष्य आंद्रेई वोस्त्रिकोव्ह यांना सप्टेंबर १९३७ मध्ये आणि मिखाइल तुब्यान्स्की यांना त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात गोळी घातली. आरोपपत्रांत भाषा हेरगिरीची होती. पण तिबेटी लामांशी पत्रव्यवहार करणारा विद्वान संशयित ठरतो, तो त्या वातावरणामुळेच. लेनिनग्राडचं बौद्ध मंदिर बंद झालं. ते उभारणारे आग्वान दोर्जिएव्ह १९३८ मध्ये उलान-उदेच्या कोठडीत मेले. श्चेर्बात्स्की १९४२ मध्ये कझाकस्तानात गेले, तेव्हा त्यांच्या मागे परंपरा चालवणारं फारसं कुणी उरलेलं नव्हतं. वोस्त्रिकोव्ह यांचं तिबेटी इतिहासग्रंथांवरचं पुस्तक मॉस्कोत छापलं गेलं ते १९६२ साली, लेखकाला मारल्यावर पंचवीस वर्षांनी.

कुणी म्हणेल, तरीही सोव्हिएत विज्ञान फुललंच की. लांदाउ, कापित्सा, कोल्मोगोरोव्ह, १९५७ चा स्पुत्निक. खरं आहे. पण कुठे फुललं ते पाहा. जिथे राज्याला निकाल हवा होता, जिथे बॉम्ब आणि अग्निबाण यांच्या गणितात कुणाचं कूळ विचारून भागत नव्हतं, तिथे ते फुललं. जीवशास्त्र, विश्वशास्त्र, तत्त्वज्ञान, धर्मांचा इतिहास, लोकसंख्याशास्त्र इथे ते खुरटलं. लोकसंख्याशास्त्राचं एकच सांगतो. जानेवारी १९३७ च्या जनगणनेत श्रद्धेबद्दल प्रश्न होता. सोळा वर्षांवरच्या ९ कोटी ८४ लाखांपैकी ५ कोटी ५३ लाख लोकांनी आपण आस्तिक असल्याचं लिहून दिलं. दुष्काळबळींमुळे एकूण लोकसंख्याही अपेक्षेपेक्षा कमी भरली होती. जनगणना रद्द झाली, तिचे प्रमुख संख्याशास्त्रज्ञ क्वित्किन यांना गोळी घातली आणि १९३९ च्या जनगणनेतून तो प्रश्नच काढून टाकला.

स्टालिननंतर गोळ्या थांबल्या, अभ्यासक्रम आला. १९५९ पासून विद्यापीठांत 'वैज्ञानिक नास्तिकतेची मूलतत्त्वं' हा विषय ऐच्छिक म्हणून सुरू झाला, १९६४ मध्ये तो अनेक ठिकाणी सक्तीचा झाला आणि त्याच वर्षी पक्षाच्या अकादमीत वैज्ञानिक नास्तिकतेची संस्था निघाली. वैद्यकीच्या विद्यार्थ्यालाही हा पेपर. उत्तर आधी ठरलेलं आहे अशा विषयाची परीक्षा देऊन माणूस शंका घ्यायला शिकत नाही, त्या उत्तराशी जमवून घ्यायला शिकतो. पुढे काय झालं? १९९१ नंतर याच विभागांच्या पाट्या बदलल्या आणि ते धर्माभ्यासाचे विभाग झाले. २०१२ साली मॉस्कोच्या अणुविज्ञान विद्यापीठात, जिथे अणुभट्ट्यांचे अभियंते घडतात, धर्मशास्त्राचा विभाग उघडला. त्यापूर्वी २००७ मध्ये दहा अकादमीशियनांनी राष्ट्राध्यक्षांना जाहीर पत्र लिहून शिक्षणात चर्चच्या वाढत्या शिरकावाला हरकत घेतली होती. सह्या करणाऱ्यांत गिंझबुर्ग आणि अल्फेरोव्ह हे दोन नोबेल विजेते होते. गिंझबुर्ग उघड नास्तिक. त्यांच्या हातात अटक वॉरंट नव्हतं, लेखणी होती. पाव्लोव्हप्रमाणेच त्यांनी आपल्या सरकारला तोंडावर सुनावलं. रिचर्ड डॉकिन्स यांच्यासारख्या आजच्या प्रखर लेखकांनाही मी यारोस्लाव्स्कींच्या रांगेत बसवणार नाही. ते पुस्तक लिहितात, आपण ते मिटून ठेवू शकतो. एवढ्या मोठ्या फरकाला किरकोळ समजू नये.

आपल्याकडे नरेंद्र दाभोलकरांनी अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं काम उभं केलं, ते देव-धर्माला विरोध हा समितीचा कार्यक्रम नाही हे वर्षानुवर्षं सांगत. शोषण दाखवा, दावा तपासा, कायदा मागा, एवढीच त्यांची हत्यारं. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. ज्यांना महाराष्ट्रात लढाऊ नास्तिकतेची भीती वाटते, त्यांनी आधी हे डोळ्यांसमोर आणावं की इथे गोळी कुठल्या बाजूने आली.

आणि कूळ पाहण्याची खोड आपल्याकडे आज उलट्या बाजूने बळावते आहे. जानेवारी २०१५ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या कालिना संकुलात भारतीय विज्ञान परिषदेत प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला. ग्रंथ प्राचीन ऋषीचा आहे, एवढ्याने तो विज्ञानाच्या मंचावर आला. वास्तविक बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी १९७४ सालीच वैमानिकशास्त्र हा ग्रंथ तपासला होता. त्यांनी ग्रंथकाराला हसण्यात वेळ घालवला नाही. भाषा पाहिली, आराखडे पाहिले, वजनं आणि उड्डाणाचं गणित मांडलं, आणि ग्रंथ विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांतला असून त्यातली यानं उडू शकत नाहीत असा निष्कर्ष दिला. मेंडेलच्या वाटाण्यांना आणि लमेत्रच्या समीकरणांना लेनिनग्राड-मॉस्कोत नाकारली गेलेली वागणूक ती हीच. तपासणी सर्वांची, आणि सारख्याच काट्याने.

इथे बसलेल्यांपैकी कित्येकजण प्राध्यापक आहात, काहीजण निवड समित्यांवर आणि पीएच.डी.च्या तोंडी परीक्षांना बसता. समोरचा उमेदवार कपाळाला गंध लावून येईल, टोपी घालून येईल, किंवा मी काहीच मानत नाही असं बोलण्याच्या ओघात सांगून जाईल. माझी तुम्हाला हात जोडून विनंती आहे: त्याच्या प्रबंधातलं तिसरं प्रकरण उघडा, त्यातली आकडेमोड त्याच्याकडून फळ्यावर करून घ्या, आणि त्यावरच त्याचा निकाल लावा.